भीमेच्या उलट दिशेनं : भोरगिरी, भीमाशंकर, खांडस

मंचर, घोडेगाव, डिंभे असं करत गाडी थेट भीमाशंकरच्या पायऱ्यांच्या तोंडाशी नेऊन सोडते. दोनशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या, रांगेत उभं राहायचं, दर्शन, पेढे, की परत पायऱ्या. बहुतेकांचं भीमाशंकर एवढंच असतं. पण या देवळाला दोन जुन्या पायवाटा आहेत. एक देशावरून, भीमेच्या काठच्या भोरगिरी गावातून वर येणारी. दुसरी कोकणातून, कर्जत तालुक्यातल्या खांडसमधून घाट चढून येणारी. शनिवारी पहिली चढायची आणि रविवारी दुसरी उतरायची, म्हणजे सह्याद्री आडवा ओलांडायचा, असा आमचा बेत होता.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार मुद्दाम धरला. भर पावसाळ्यात या अभयारण्यातल्या काही धबधब्यांवर आणि पायवाटांवर वन विभाग बंदी घालतो. ती उठली की नाही हे निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. 'व्हॉट्सॲपवर आलं होतं' हे चौकीवर चालत नाही. बंदी उठल्यावर लगेच गेलात तर ओढ्यांना पाणी असतं, वाट फार निसरडी नसते आणि सोनकी अजून फुललेली असते.

आम्ही अकरा जण होतो. दर अर्ध्या तासानं डोकी मोजणारा लीडर, एक डॉक्टरबाई, निवृत्त मास्तर, चार आयटीवाले, दोन कॉलेजची पोरं, मी, आणि मूळचा पंढरपूरचा एक जण, ज्याचं नाव पहिल्या तासातच 'पंढरपूरकर' पडलं. नदी एकच असल्यामुळे त्याला या ट्रेकबद्दल आमच्यापेक्षा जास्त बोलायचं होतं, आणि तो ते बोलला.

शनिवार, सकाळ

पहाटे साडेचारला पुण्याहून निघालो. राजगुरुनगरला चहा-पोहे झाले. तिथून वाडा रस्ता धरला की थोड्याच वेळात चासकमान धरणाचं पाणी दिसू लागतं. भोरगिरी राजगुरुनगरपासून पन्नासेक किलोमीटर, पण शेवटचा टप्पा अरुंद आणि वळणाचा असल्यानं वेळ लागतो. एसटी आहे, मात्र तिच्या वेळा आगारात विचारूनच जा. आम्ही एकेरी गाडी ठरवली होती, कारण उतरणार दुसऱ्याच बाजूला.

दोन्ही बाजूंना भातखाचरं. भात नुकता निसवला होता आणि खिडकी उघडली की त्याचा ओलसर, गोडसर वास यायचा. मास्तरांनी 'इंद्रायणी आहे' असं जाहीर केलं. ड्रायव्हरनं 'मधी मधी कोळपी पण हाय' अशी दुरुस्ती केली. पुढे अर्धा तास मास्तर गप्प होते.

गावात आमचे वाटाडे मामा उभेच होते. पन्नाशीचे, महादेव कोळी समाजातले. डोक्याला टापशी, पायात प्लॅस्टिकचे पावसाळी बूट, हातात कोयता. आमच्या पायातल्या पाच-पाच हजारांच्या बुटांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत. पुढे दोन दिवसांत घसरून पडलेल्यांमध्ये त्यांचं नाव नाही, एवढंच सांगते.

त्यांच्या घरी न्याहारी. मावशींनी चुलीवर नाचणीच्या भाकरी टाकल्या होत्या, सोबत उडदाचं घुटं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा. काळे उडीद भाजून, भरडून, मऊ शिजवून वर लसणाची खरपूस फोडणी घातलेलं हे घुटं पुण्यात कुणी करत नाही, आणि केलं तरी चुलीचा धूर कुठून आणणार? डॉक्टरबाई एरवी अर्ध्या भाकरीवर थांबतात. त्यांनी इथे दोन खाल्ल्या आणि वर 'मीठ जरा कमी पाहिजे' असा सल्लाही दिला. मावशी म्हणाल्या, "ताई, डोंगर चढल्यावर मीठ कुठून आणाल?" यावर डॉक्टरबाईंकडे उत्तर नव्हतं.

जेवता जेवता हिरड्याचा विषय निघाला. या पट्ट्यात भात घरात खायला आणि हिरडा हातात पैसा यायला, असा हिशेब असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी बी धरायच्या आत फळ झोडपून पाडायचं आणि उन्हात काळं पडेपर्यंत वाळवायचं, तो बाळहिरडा. औषधाला जातो, व्यापारी घेऊन जातात. मामांची चार मोठी झाडं २०२० च्या निसर्ग वादळात गेली. "भात पडलं तर पुढच्या वर्षी येतंय. हिरडा माझ्या आज्यानं राखलेला," एवढंच ते म्हणाले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

कोटेश्वर आणि भोरगिरीचा किल्ला

गावाच्या खालच्या अंगाला, नदीजवळ कोटेश्वराचं देऊळ आहे. इमारत जीर्णोद्धार झालेली, त्यामुळे लांबून बघून निराश होऊ नका. जुनं काय ते आवारात आहे. कोरीव दगड आणि झिजलेल्या मूर्ती पडून आहेत, त्यांवर शेवाळ चढलंय. एका दगडावरचा घोडा बोट फिरवल्यावरच कळतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

झंझ राजानं गोदावरी ते भीमा या टापूत उगम पावणाऱ्या नद्यांच्या काठी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा सांगितली जाते. रतनवाडीचं प्रवरेकाठचं अमृतेश्वर आणि जुन्नरकडचं कुकडीकाठचं कुकडेश्वर त्यातलंच, आणि भीमेसाठी हे कोटेश्वर. अमृतेश्वर पाहिलेल्यांना इथे मन मारावं लागतं. तिथे पूर्ण देऊळ उभं आहे, इथे त्याचे तुकडे. तरी मला ही जागा आवडली. देवळात आमच्याशिवाय एक म्हातारे गृहस्थ होते, ते पोथी वाचत होते आणि त्यांनी मान वर केली नाही.

देवळामागे भीमा. गुडघाभर पाणी, तळाचे गोटे मोजता येतील इतकं स्वच्छ. पंढरपूरकर बूट काढून मधोमध जाऊन उभा राहिला. "आमच्याकडे ही बाई दगडी पुलावरून जाते," तो म्हणाला. "आम्हाला नदी म्हणजे उजनीतून किती क्युसेक सोडलं, तेवढीच ठाऊक."

किल्ला छोटा आहे. गावातून अर्ध्या तासात वर. बुरूज-तटबंदीच्या अपेक्षेनं जाऊ नका. खरा ऐवज आहे तो कातळात खोदलेल्या गुहा. एकीत महादेव, जवळच पाण्याची टाकी. आत वटवाघळांचा वास कोंदलेला, पण पाच मिनिटं थांबलं की नाक सरावतं आणि अंधारातून छिन्नीचे घाव दिसायला लागतात, तिरके, एकाच्या खाली एक. दारातून बाहेर बघितलं तर खाली सगळं खोरं. मामांनी वरूनच वाट दाखवली. "ती खाचरं, मग तो माळ, मग ते रान. रानाच्या पल्याड देव."

शनिवार, दुपार

भोरगिरी ते भीमाशंकर हा तसा सोपा ट्रेक. चढ अंगावर येत नाही. मजेत, रेंगाळत गेलं तर चार-पाच तास. अडचण एकच : रानात ढोरवाटा फार फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे गावातला माणूस सोबत घ्याच. त्याला मिळणारे पैसे गावातच राहतात आणि तुमचे दोन तास वाचतात.

माळावर सोनकीचा पिवळा गालिचा म्हणतात तो होता. आयटीवाल्यांनी त्यात लोळून फोटो काढायची तयारी केली तेव्हा मामांनी कोयत्यानं नुसतंच एका बाजूला दाखवलं. करवीच्या काटकीवर, आमच्या गुडघ्याच्या उंचीला, हिरवागार चापडा वेटोळं करून बसला होता. विषारी, पण त्याला आमच्यात रस नव्हता. त्रिकोणी डोकं फांदीवर टेकलेलं, आणि अंगावर पावसाचे थेंब तसेच. आम्ही दहा फुटांवर उभे राहून कुजबुजत होतो, तो हललाही नाही. त्यानंतर कुणी लोळलं नाही आणि हात टेकायच्या आधी बघायची सवय मात्र सगळ्यांना लागली.

मग रान सुरू झालं. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा. वरती फांद्या एकमेकांत इतक्या गेलेल्या की दुपारी एकला संध्याकाळ वाटावी. शेकरू बघायचं तर अशा रानात मान वर करून चालायचं नाही, थांबायचं. मामांनी एका झाडाच्या शेंड्याकडे काटक्या-पानांचा गोळा दाखवला, ते घरटं. एक शेकरू अशी कितीतरी घरटी बांधतं. आम्ही पाण्याच्या बाटल्या काढून बसलो आणि दहा मिनिटांत खर्रर्र असा आवाज आला. तांबूस पाठ, पिवळट पोट, अंगाएवढी शेपूट. एका झाडावरून दुसऱ्यावर जी झेप घेतली ती बघून कॉलेजच्या पोराच्या हातातलं बिस्किट खाली पडलं. राज्यप्राणी म्हणून शाळेच्या पुस्तकात पाठ केलेलं जनावर हे. १९८५ मध्ये झालेल्या या अभयारण्याचं सगळ्यात मोठं कारणही तेच.

रात्री झाडं चमकतात का, असं मी विचारलं. भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट उजेड देते, हे वाचलं होतं. मामा म्हणाले, "आत्ता न्हाई. आषाढात या. पर आषाढात तुमी येत न्हाई, पाऊस लागतो म्हणून."

दोनच्या सुमाराला परतीच्या पावसानं गाठलं. आधी लांबवर गडगड, मग वारा एकदम पडला, पाखरं गप्प झाली, आणि मग सरळ बादल्याच. दहा मिनिटांत वाटेचा ओढा झाला. आणि पुढे जो खरा ओढा होता, जो मामांच्या म्हणण्याप्रमाणे 'उडी मारून जायचा', तो गढूळ, तांबडा, फेसाळत वाहत होता. रुंदी जेमतेम पंधरा फूट. पलीकडची वाट स्पष्ट दिसत होती. दोर होता. आयटीवाल्यांपैकी एकाचा आग्रह होता की साखळी करून जाऊ. लीडर मामांकडे बघत होता.

मामांनी काठाला एक काटकी रोवली, अगदी पाणी टेकेल तिथे, आणि एका दगडावर बसून तंबाखू मळायला घेतली. "बसा. घाई कुणाला हाय? देव काय पळून चाललाय?"

बसलो. ओलेचिंब, दात वाजतायत, पाठीला सॅक. पहिल्या पंधरा मिनिटांत काटकी बुडाली. मामांनी दुसरी रोवली, वीतभर वर. तीही निम्मी बुडाली. मग पाणी तिथेच थबकलं. मास्तरांनी बांधून आणलेल्या भाकरी-शेंगदाणा चटणीचा डबा काढला आणि भर पावसात आमचं जेवण झालं. भाकरी भिजू नये म्हणून ती छत्रीखाली आणि आम्ही बाहेर. पंढरपूरकर त्या तांबड्या लोंढ्याकडे बघत हिशेब करत होता : हे पाणी चासकमानला कधी, तिथून उजनीला कधी, आणि सोडलं तर घाटावर कधी. "आईला फोन लागला असता तर सांगितलं असतं, आज निघालंय म्हणून."

तासाभरानं दोन्ही काटक्या उघड्या पडल्या आणि पाण्याचा रंग बदलला. मामा आधी एकटे पलीकडे जाऊन आले, मग एकेकाला हाताला धरून नेलं. पाणी मांडीपर्यंत होतं आणि तरीही पायाखालचा गोटा सरकवत होतं. तासापूर्वी साखळी करून गेलो असतो तर काय झालं असतं, यावर पुढे कुणीच बोललं नाही, अगदी साखळीवालाही.

डोंगरातले ओढे असेच असतात. वर कुठेतरी पाऊस पडतो आणि इथे मिनिटांत पाणी चढतं, पण पाणलोट छोटा असल्यानं तितक्याच लवकर उतरतंही. थांबायची तयारी ठेवूनच निघा, म्हणजे दिवस मावळायच्या आत दोन तास हाताशी राहतील एवढ्या लवकर. सॅकमध्ये कपड्यांची एक जोडी जाड प्लॅस्टिक पिशवीत घट्ट बांधून ठेवा आणि ती पिशवी परतही आणा.

गुप्त भीमाशंकर

मुख्य देवळाच्या अलीकडे, रानातच, ओढ्याच्या पात्रात गुप्त भीमाशंकर आहे. उगमाजवळ लुप्त झालेली भीमा इथे पुन्हा प्रकटते अशी श्रद्धा. कातळावरून छोटा धबधबा पडतो आणि त्याखाली पिंड. गाभारा नाही, कळस नाही, रांग नाही.

त्या दिवशी पिंडही दिसली नाही. पावसाचं पाणी अजून जोरात होतं आणि जिथे पिंड असते तिथे नुसता पांढरा फेस. आम्ही काठावर उभे राहिलो. मामांनी चपला... बूट काढले, लांबूनच हात जोडले आणि एक रानफूल प्रवाहात सोडलं. त्रिपुरासुराला मारून महादेव इथे टेकले, तेव्हा अंगातून घाम निघाला, त्याची भीमा झाली, ही गोष्ट त्यांनी सांगितली आणि वर आपली पुस्ती जोडली : "चढ हायच तसा. देवाला घाम आला, आपली काय कथा." मास्तर हसून हसून ठसकले.

इथून पुढे वाट मोठी होत जाते. साक्षी विनायकाचं छोटं देऊळ लागतं. भीमाशंकराला आल्याची साक्ष हा गणपती देतो म्हणे, म्हणून त्याला चुकवायचं नाही. आणि मग हळूहळू वाटेवर वेफर्सची पाकिटं दिसू लागतात. देऊळ जवळ आल्याची तीही एक साक्ष. वन विभागानं प्लॅस्टिकबद्दल पाट्या लावल्यात, त्यांच्याच पायाशी बाटल्या पडलेल्या. लीडरनं कचऱ्याची पिशवी काढली, ती अर्ध्या वाटेतच भरली.

शनिवार, संध्याकाळ

रानातून एकदम बाजारात येणं विचित्र वाटतं. लाऊडस्पीकर, पेढे, रुद्राक्ष, प्लॅस्टिकची खेळणी, आणि चिखलानं माखलेले आम्ही. एक आजी नातवाला म्हणाल्या, "बघ, हे लोक पाया पडायला चालत आलेत." पोरानं विचारलं, "गाडी बंद पडली का यांची?"

सातच्या सुमारास गर्दी ओसरली होती आणि दर्शन अर्ध्या तासात झालं. शनिवारी दुपारी हेच तीन-चार तास लागू शकतात, श्रावणात तर बोलूच नका. मुक्काम करणाऱ्यांचा हा फायदा. गाभारा जुना, शिखराचं काम नाना फडणविसांच्या काळातलं. देवळासमोरची मोठी घंटा मात्र न चुकता बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आल्या, त्यातलीच ही. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर तिची बहीण टांगलेली आहे. चर्चसाठी ओतलेली घंटा पावणेतीनशेहून जास्त वर्षं शंकरापुढे आहे, आणि मला तर तिला तिथे बघून काहीच खटकलं नाही.

खोली साधी, गादीला ओल, गरम पाणी बादलीला पन्नास रुपये. खिचडी-कढी मिळाली. बूट सुकवायला वर्तमानपत्र कोंबणे हा जुना उपाय अजून तितकाच चांगला आहे. हॉटेलवाल्याकडून रद्दी मागून घेतली. मामा मुक्कामाला त्यांच्या मेहुण्याकडे गेले.

रविवार

पहाटे नागफणीला निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की पुढच्याच्या सॅकचा रंग दिसत नव्हता. हा इथला सगळ्यात उंच कडा. वरून कोकण दिसायला हवं होतं. दिसलं काहीच नाही, फक्त खालून वर येणारा वारा. धुकं कड्याशी येऊन वरच्या वर उलटत होतं, त्यात हात धरला तर बाही ओली होत होती. पंधरा मिनिटं उभे राहिलो. एकदाच, जेमतेम मिनिटभर, पडदा फाटला आणि फूटभर रुंदीच्या फटीतून खाली, फार खाली, हिरवं शेत आणि एक लाल कौलारू घर दिसलं. कॅमेरा काढेपर्यंत बंद.

या कड्यावर नद्यांची वाटणी होते. मागे पडलेला थेंब भीमेतून कृष्णेत, तिथून बंगालच्या उपसागरात. पुढे पडलेला थेंब कोकणात उतरून उल्हास नदीच्या वाटेनं अरबी समुद्रात. पंढरपूरकरानं बाटलीतलं उरलेलं पाणी मुद्दाम मागच्या बाजूला ओतलं. "तिकडं पाण्याची काय कमी आहे?"

इथे मामांचा निरोप घेतला. ते त्याच वाटेनं एकटे परत जाणार होते, आणि आम्हाला पाच तास लागलेली वाट दोन तासांत संपवणार होते. ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले तर त्यांनी ते मोजून जास्तीचे परत दिले, आणि म्हणाले, "पुढच्या वेळंला मुक्कामाला या, खेकडे धरू." जास्तीचे शेवटी मावशींच्या नावानं घ्यायला लावले.

खांडसला उतरायला दोन वाटा. पदरवाडीच्या सपाटीपर्यंत दोन्ही एकच, तिथून फाटा फुटतो. उजवीकडे शिडी घाट : जवळचा, पण उभा कातळ, लोखंडी शिड्या आणि खाली दरी. ओल असताना तिथे जायचं नाही, हे सरळ सांगते. डावीकडे गणेश घाट : लांबचा, मळलेला, पदरगडाला वळसा घालून उतरणारा. आम्ही गणेश घाट घेतला. कॉलेजच्या पोरांची नाराजी पदरवाडीच्या झोपडीतल्या चहानं मिटली. कोरा चहा, गवती चहाची पात घातलेला, आणि सोबत कांदाभजी. झोपडीवाल्या ताईंना सामान खालून डोक्यावर आणावं लागतं, तेव्हा भज्यांच्या भावावरून घासाघीस करणाऱ्यांनी एकदा तेलाचा डबा घेऊन हा घाट चढावा.

भजी खाऊन उठलो आणि धुकं वर सरकलं. मग जे दिसलं त्यासाठी ही वाट. मागे भीमाशंकरच्या पठाराची अख्खी भिंत, काळी, ओली, आणि कालच्या पावसानं तिच्यावरून पांढऱ्या रेघा सुटलेल्या. काही धबधबे खाली पोहोचतच नव्हते, वारा त्यांना मधूनच उडवून नेत होता. उजव्या हाताला पदरगडाचा कातळ अंगावर आलेला. पुढे लांबवर पेठच्या किल्ल्याचा सुळका. दर वळणावर एक ओढा आडवा यायचा, पण ओढ्यांचं पाणी निवळलं होतं, घोट्यापर्यंत. एका ठिकाणी कातळात आपोआप झालेली न्हाणीच होती. दहा जण बसलो तिच्यात. अकरावे मास्तर. ते काठावर बसून घड्याळं सांभाळत होते.

वाटेत गणपतीचं देऊळ लागतं, त्याच्यावरूनच घाटाचं नाव. चौथरा, छोटा गाभारा, समोर सावली. वर आदल्या संध्याकाळी पाहिलेल्या गर्दीनंतर इथली शांतता जास्तच जाणवली. एका ठाकर बाईंनी टोपलीत काकड्या आणल्या होत्या, लांबच लांब, पावसाळी. चिरून, आत तिखट-मीठ भरून दिल्या. दहाला एक. डॉक्टरबाईंनी मिठाबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट अजून थोडं मागून घेतलं.

उतार सोपा असला तरी लांब आहे आणि गुडघे बोलायला लागतात. काठी घ्या, नखं कापून जा, नाहीतर बुटाच्या टोकाला घासून काळी पडतात. खाली येऊ तसा उकाडा वाढत जातो, दोन लिटर पाणी कमीच पडतं. बायकांसाठी : वर देवळाजवळची सुलभ सोय सोडली तर खांडसपर्यंत आडोसाच, हे गृहीत धरून तयारीनं या.

दोनच्या सुमारास खांडस. घामाच्या धारा लागलेल्या, कोकणातली दमट हवा. सकाळी स्वेटर होता हे खोटं वाटावं. गावातून कशेळेमार्गे कर्जतला टमटम मिळते, पण भरल्याशिवाय निघत नाही. आम्ही अकरा असल्यानं आमच्यावरच भरली, वर एक कोंबडीही होती. सगळा खर्च, म्हणजे गाडी, मामा, जेवणं, खोली, टमटम आणि तिकीट धरून, माणशी अठराशेच्या आत बसला.

कर्जत स्टेशनवर वडापाव. चिखलानं माखलेल्या पायांकडे बघून विक्रेत्यानं विचारलं, "भीमाशंकर?" आम्ही हो म्हटलं. "शिडी की गणेश?" गणेश म्हटल्यावर त्यानं मान हलवली, त्यात कौतुक होतं की कीव, कळलं नाही. पोरांनी तिथेच पुढचा बेत ठरवला : जानेवारीत, कोरड्यात, शिडी घाटानं वर. डॉक्टरबाईंनी गुडघ्यांचं कारण सांगून आधीच अंग काढून घेतलंय. लीडरनं अजून होकार दिलेला नाही.

पुण्याची गाडी खचाखच भरून आली. दोन दिवसांत आपल्या पायांनी उतरलेली उंची इंजिनांनी मागून ढकलत पुन्हा चढवायला सुरुवात केली, बोगद्यामागून बोगदे. पंढरपूरकराला रेंज मिळाली होती. दारात उभा राहून तो आईला विचारत होता, "नदीला पाणी किती आहे गं आज?"

लोणावळ्याला बसायला जागा मिळाली.